टीचरची मासळेची गजाल

मालवणात दुपारी दीडच्या सुमारास बाजार बंद होतो आणि चारनंतर उघडतो. पर्यटकांना याचा राग येतो, पण आम्हाला त्याची सवय आहे. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. शटर ओढून मी घरी जेवतो, आणि सगळे आडवे होतात तेव्हा मागच्या गल्लीतल्या एका ख्रिस्ती घरात जाऊन तासभर बायबल वाचतो. माझ्या घरात गणपती आहे, कुणकेश्वराचा फोटो आहे. वाचन माझ्यासाठी नसतं, टीचरसाठी असतं.

टीचर म्हणजे मला चौथीपर्यंत शिकवलेल्या बाई. अख्खी गल्ली त्यांना टीचरच म्हणते. आता पंच्याहत्तरी उलटली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा कुवेतला. काचबिंदूने डोळे गेले. उजेड आणि सावल्या तेवढ्या कळतात. सकाळी एक बाई येऊन जेवण करून जाते. बाकी दिवस टीचर, त्यांची मांजर आणि ओसरीवरची वेताची खुर्ची.

मला वाचायला त्यांनी शिकवलं. त्यामुळे त्यांनी एकदा सहज म्हटलं, "वाचूक कोण गावना नाय रे," तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

त्यांचं स्वतःचं बायबल मोठ्या वादळात कौलं उडाली तेव्हा भिजून त्याचा लगदा झाला होता. कोल्हापूरला दुकानाचा माल आणायला गेलो असताना मी एका पुस्तकाच्या दुकानातून मराठी बायबल घेतलं. काळं कव्हर, लाल कडा. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. बायबल म्हणजे बायबल. टीचरनी ते हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बारीक दिसता." मी म्हटलं, "कागद पातळ आसा, टीचर."

सुरुवातीचे महिने छान गेले. मी वाचायचो आणि त्या मला चौथीतल्यासारखं थांबवायच्या. "धावा नको. पूर्णविराम दिसलो काय तुका?" ओसरीच्या पायरीवर मासे साफ करणारी कोळीण मला चिडवायची, "काय रे, पाद्री झालंस काय? मगे माझ्या चेडवाचा लगीन तूच लाव." टीचर तिला सांगायच्या, "तू तुझ्या कामाक बघ. पित फोडू नको, मासो कडू होतलो." तिचा हात इतका सराईत की बोटाच्या टोकाने हिरवं पित्त अख्खं बाहेर यायचं.

मग माझ्या लक्षात काही गोष्टी येऊ लागल्या.

एकदा त्या म्हणाल्या, बाविसावं स्तोत्र वाच, मेंढपाळाचं. मी बाविसावं काढलं तर तिथे देवाने मला का टाकलं असा आक्रोश होता. मेंढपाळाचं तेविसावं निघालं. "चुकलंय काय मी?" त्या हसल्या. "वय झाला."

नाताळच्या आधी येशूच्या जन्माचा भाग वाचला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बैल आणि गाढव सोडलंस." मी पुन्हा बघितलं. गव्हाण होती, मेंढपाळ होते, पण बैल नव्हता, गाढवही नव्हतं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या दुसऱ्या एका पुस्तकात, म्हणजे शुभवर्तमानात, पूर्वेकडून आलेले ज्ञानी होते, पण ते तीन होते असं कुठे लिहिलेलं नव्हतं. एदेनच्या बागेतलं फळ सफरचंद होतं असंही नाही, नुसतं फळ. मला गंमत वाटली. आमच्याकडेही पोथीत नसलेल्या कितीतरी गोष्टी देवाच्या म्हणून सांगितल्या जातात. पण मनात एक नोंद झाली: टीचरच्या डोक्यात काही गोष्टी मिसळू लागल्यात.

ही नोंद मी विसरून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण त्यांच्या मुलाने मला एक काम दिलं होतं. आदल्या पावसाळ्यात टीचर न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. तेव्हापासून गोव्यात नन चालवतात त्या एका आश्रमात त्यांना ठेवावं असं त्याच्या मनात होतं. टीचरना ते नको होतं. त्याने मला फोनवर सरळ सांगितलं, "दादा, डोळे गेले ता एक वेळ निभावता. पण टकला चालना नसात तर तिका एकटी कशी ठेवू? तू रोज जातंस. तू सांग माका." टीचरचं डोकं ठीक चालतंय का ते मी सांगायचं, म्हणजे त्या स्वतःच्या घरात राहणार की नाही हे माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. मला त्याचा भार वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

फेब्रुवारीत एका दुपारी टीचर म्हणाल्या, "आज मासळेची गजाल वाच." गजाल म्हणजे गोष्ट. मी माशाच्या पोटात राहिलेल्या माणसाची गोष्ट काढली.

"ह्या नव्हे. हो मासो गिळता. माझो मासो पायाक धरता."

"पायाक?"

"झील बापाशीचे पैसे हाडूक दूर गावाक जाता. वाटेर नदीत पाय धुवूक उतारता, तर मासो येवन पायाक धरता. तेचा पित जपून ठेयता. बापूस आंधळो आसा, तेच्या डोळ्यांत ता पित लावता आणि दिसूक लागता." टीचर भरभर बोलत होत्या, त्यांचा चेहरा उजळला होता. "वांगडा कुत्रो पण आसा. माज्या लग्नात ह्याच पुस्तकातला वाचलेला. माझो घो हसान हसान सांगी, बघ, तेंच्या वांगडा कुत्रोय गेलो, आपल्या वांगडा तुझी आवस."

गोष्टीतल्या झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, सोबत कुत्रा आणि यांच्या सोबत सासू, या विनोदावर हसत मी शोधलं. पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट मिळाली, माशाच्या तोंडात नाणं सापडतं ती मिळाली. अनुक्रमणिका वरून खाली वाचली. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना पुन्हा चाळलं. पायाला धरणारा मासा कुठेच नव्हता. पित्त नाही, कुत्रा नाही.

"टीचर, हयात असा खंय नाय."

"नाय?"

"सगळा बघलंय."

मांजर मांडीवर आली तरी त्यांचा हात हलला नाही. मग म्हणाल्या, "तुज्या हातात पुस्तक आसा, माज्या हातात नाय. तू सांगशीत ता खरा."

त्या रविवारी मुलाचा फोन आला आणि मी बोललो. वाईट हेतूने नाही. अगदी काळजीच्या सुरात बोललो, आणि आज मला तो सूरच जास्त टोचतो. म्हटलं, "तशी बरी आसत. पण मधीमधी नसलेल्या गोष्टी आसत म्हणान सांगतत. बायबलात नाय ता बायबलात आसा म्हणतत." तो म्हणाला, "बरा केलंस सांगलंस ता. मी मे महिन्यात येतंय. तेव्हाच तिका नेवया."

त्यानंतर टीचर बदलल्या. मी पूर्णविराम गाळला तरी थांबवेनात. कोळणीने पित्त फोडलं तरी काही बोलल्या नाहीत. एकदा वाचन संपल्यावर मला विचारलं, "माझा लगीन झालेला ता तरी खरा मा रे?" त्या हसत होत्या, पण उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, "टीचर, माझ्या आवशीन तुमच्या लग्नातली केकाची वडी खाल्ली होती." त्या म्हणाल्या, "मगे तेव्हा वाचलेला ता काय होता?"

म्हणून मी चर्चमध्ये गेलो. तिथले फादर तरुण, वसईकडचे. रविवारच्या मिस्साची प्रार्थना संपून लोक पांगल्यावर मी त्यांना गाठलं. मनात एवढंच होतं, की त्यांनी टीचरना येऊन सांगावं, म्हातारपणी विसरायला होतं, देव रागावत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कुठलं बायबल आहे?"

"मराठी."

"तसं नाही. कुठल्या लोकांचं?"

मला प्रश्नच कळला नाही. ते आत गेले आणि एक जाड पुस्तक घेऊन आले. त्यातली काही पानं उलटून त्यांनी माझ्यासमोर धरली. पहिल्याच नजरेत मला कुत्रा दिसला. मुलगा निघाला, सोबती निघाला आणि कुत्राही त्यांच्याबरोबर निघाला.

मी तिथेच बाकावर बसलो. फादर शेजारी बसले आणि समजावू लागले. बायबल हे एक पुस्तक नाही, पुस्तकांचं कपाट आहे, आणि त्या कपाटात काय ठेवायचं यावर सगळ्या ख्रिस्ती लोकांचं कधी एकमत झालं नाही. येशूच्याही आधी, परदेशात राहून ग्रीक बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी त्यांच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं. त्या संग्रहात ही माशाची गोष्ट आली. ज्यूंच्या हिब्रू यादीत मात्र ती नव्हती. येशूनंतर पंधराशे वर्षांनी युरोपात जे पंथ वेगळे झाले त्यांनी हिब्रू यादी धरली. सुरुवातीला ते ही जास्तीची पुस्तकं मधे वेगळ्या भागात छापत, पुढे छापणाऱ्यांनी तो भागच गाळला. "तुम्ही घेतलंय त्यात सहासष्ट पुस्तकं आहेत. आमच्यात त्र्याहत्तर. इथिओपियातल्या लोकांकडे याहून जास्त."

"आणि स्तोत्र? बावीस-तेवीस?"

"ग्रीकमध्ये दोन स्तोत्रं जोडून एक केलंय, त्यामुळे पुढचे आकडे एकाने मागे येतात. आमची जुनी माणसं तेच आकडे शिकलीत. टीचरचं बरोबर आहे."

बैल आणि गाढवाची चूक मात्र एकट्या टीचरची नव्हती, सगळ्या जगाची होती, असं ते हसून म्हणाले. त्यांच्या चर्चमधल्या गव्हाणीतही दोन्ही उभे असतात.

मी विचारत गेलो, ते सांगत गेले. मूळ हस्ताक्षरातलं एकही पान आज उरलेलं नाही, आहेत त्या नकलांच्या नकला. अध्यायांचे आकडे हजाराहून जास्त वर्षांनी घातले. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली बरीच पत्रं शुभवर्तमानांच्या आधीची आहेत, जरी पुस्तकात नंतर येतात. आणि एक शुभवर्तमान सगळ्यात जुन्या प्रतींत फार चमत्कारिक ठिकाणी संपतं: बायका रिकामी कबर बघतात, पळत सुटतात, आणि घाबरल्यामुळे कोणाला काही सांगत नाहीत. बस्स. पुढचा भाग नंतर कोणीतरी जोडला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात.

जाड पुस्तक घेऊन मी निघालो. त्याच क्षणी कुवेतला फोन करायला हवा होता. मी केला नाही. सोमवारी टीचरकडेही गेलो नाही, पोट बिघडल्याचा निरोप पाठवला. मंगळवारी दुकानात माल यायचा होता. बुधवारी काहीच कारण नव्हतं, तरी गेलो नाही. पुस्तक गल्ल्याच्या खाली ठेवलं होतं आणि दर वेळी सुटे काढताना पाय त्याला लागायचा. मला काय वाटत होतं ते सांगायला लाज वाटते. टीचर खऱ्या होत्या याचा आनंद झाला होता, पण ते सांगायचं म्हणजे मी खोटा होतो हेही सांगावं लागणार होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दुकानदार, गल्लीत चार लोक सल्ला विचारतात, आणि मी त्या पळत सुटलेल्या बायकांसारखा गप्प बसलो होतो. त्या निदान कबर बघून घाबरल्या होत्या. मी एका फोनला घाबरलो.

शनिवारी दुपारी कोळीण पाटी घेऊन दुकानासमोरून गेली. "पाद्री, खंय आसस? टीचर रोज इचारतत. काल म्हणाल्यो, माझा आयकान आयकान कंटाळलो असतलो."

मी शटर ओढलं आणि फूटपाथवर उभा राहूनच फोन लावला. तो कामावर होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"तुझी आवस बरोबर आसा," मी म्हटलं. "माझा चुकला. मीच चुकीचा पुस्तक हाडलंय." आणि एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे बायबल दोन प्रकारची आसत?"

"दोनापेक्षा जास्त."

"आणि तुका ठावक नव्हता?"

"नाय."

"आणि तरी तू माका सांगलंस, तिका नसलेला दिसता म्हणान?"

"होय."

मग म्हणाला, "पण बैल-गाढवाचा? ता तर नाय ना खंय?"

"गोठो कोण मांडी तुमच्या घरात नाताळाक?"

"मीच."

"मगे बैल कोणी ठेयलो?"

तो हसला नाही. पण म्हणाला, "तिकीट काढलंय. येवन बघतंय."

तिथून मी टीचरकडे गेलो. मी पायरी चढलो तसं त्यांनी पावलांवरून ओळखलं. "पोट बरा झाला?"

"पोट बरा होता, टीचर. मीच बरो नव्हतंय."

मी खाली बसलो आणि फोनचं सांगितलं, आधीचा आणि आताचा, दोन्ही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत सांगायचं असं ठरवलं होतं, पण लादीकडेच बघत राहिलो. त्या मला बघू शकत नव्हत्या, तरीही.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "झिलान सांगल्यान तेव्हाच. म्हटलंय, पोरगो सांगता तर असतला. तू शाळेत कधी खोटा बोललंस नाय."

यापेक्षा त्यांनी मला छडी मारली असती तरी चाललं असतं. त्यांनी हात पुढे केला, पुस्तक घेतलं आणि हाताने तोललं. "ह्या बरोबर. ह्याचा वजन बरोबर." मग परत दिलं. "आता वाच. रडा नको. रडतंस तेव्हा तुझे उच्चार बिघडतत."

मी वाचलं. भिंतीपाशी झोपलेल्या बापाच्या डोळ्यांत चिमण्यांची विष्ठा पडते आणि तो आंधळा होतो, तिथून. पुढचं काय ते त्यांना ठाऊक होतं. मी वाक्य सुरू केलं की त्यांचे ओठ हलायचे. मासा आला तेव्हा पायरीवरची कोळीणही सुरी थांबवून ऐकू लागली. पित्त जपून ठेवलं असं आलं तेव्हा ती म्हणाली, "बरा केल्यान. फोडल्यान नाय ना?" टीचर हसल्या. कितीतरी दिवसांनी.

फादरनी सांगितलेलं एक मी त्यांना सांगितलं. ही गोष्ट लॅटिनमध्ये नेणाऱ्या जुन्या भाषांतरकाराला तिची भाषा नीट येत नव्हती. दुसरा एक माणूस ती त्याला समजेल अशा भाषेत तोंडी सांगत गेला आणि याने ती लिहवून घेतली. म्हणे एका दिवसात संपवली. आणि मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या गुंडाळ्यांचे तुकडे सापडले, त्यांत ही गोष्टही होती. टीचरना गुहेचं फारसं वाटलं नाही. त्या पहिल्याच गोष्टीवर थांबल्या. "म्हणजे तेकाय कोणीतरी वाचून दाखवूक लागला," त्या म्हणाल्या. आणि मांजरीच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

मे महिन्यात मुलगा आला. दोन दिवस त्याने आईच्या औषधांच्या पट्ट्या बघितल्या, न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवून घेतली, गोव्याच्या आश्रमात फोन केला. तिसऱ्या दुपारी मी वाचायला गेलो तेव्हा तो दारात उभा होता. मी वाचू लागलो. मुलगा पैसे आणायला निघतो तिथे त्याची आई रडते आणि नवऱ्याला म्हणते, कशाला धाडलास त्याला, होतं तेवढ्यात आपलं भागत होतं. मी अडखळलो. पुढे आई रोज वाटेकडे डोळे लावून बसते, जेवत नाही, असं येतं. टीचर तो भाग माझ्याआधी बोलल्या, डोळे मिटून, एक शब्दही न चुकवता. मी पुस्तकात बघत होतो आणि त्या बोलत होत्या.

तो पुढे आला आणि माझ्या हातातून पुस्तक घेतलं. शोधायला त्याला वेळ लागला, मी बोट ठेवून दाखवलं. मग मुलगा परत येतो तो भाग त्याने वाचला. त्याचं मराठी वाचन आता गंजलंय, अक्षरं लावून लावून वाचत होता. टीचरनी त्याला एकदाही थांबवलं नाही.

डोळ्यांत पित्त लावल्यावर पांढरे पापुद्रे निघतात आणि म्हातारा मुलाला बघतो, तिथे तो थांबला. आपल्या आईकडे बघत राहिला. टीचरचे डोळे तसेच होते. काचबिंदूवर माशाचं पित्त चालत नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि हवेत चाचपत त्याच्या गालाला लावला. "दाढी वाढवलंस," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी फाटकापाशी तो मला म्हणाला, "ती हयच रवांदे. रातीक झोपूक कोण तरी बाई बघूया. तू बघशीत?" मी हो म्हटलं. "आणि दर रविवारी फोन कर. पण दादा," त्याने फाटकाची कडी लावली, "काय सांगशीत ता आधी दोन पुस्तकांत बघून सांग."

आतून टीचरचा आवाज आला, "उद्या बाविसावा स्तोत्र. माझा बाविसावा."